बानाबाईनगरचे लाल ठिपके

टीव्हीवर मालिका लागायच्या जागी त्या दिवशी सगळा वॉर्ड लागला होता, आणि घरातली झाडून सगळी माणसं त्याच्यासमोर बसली होती.

सत्यभामा भाकरीची टोपली घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली. नकाशा तिनं आधी पाहिला नव्हता असं नाही. धाकटी जाऊ शीला आठवडाभर मोबाईल तिच्या नाकासमोर धरून काहीबाही दाखवत होती, आणि सत्यभामा "हां, हां, चांगलंय" म्हणत पीठ मळत होती. पण तळहाताएवढ्या काचेत पाहणं वेगळं आणि भिंतीवर पाहणं वेगळं. गारखेड्याच्या दक्षिणेला पसरलेली सगळी वस्ती आभाळातून काढलेल्या फोटोत उघडी पडली होती. गल्ल्या, गच्च्या, पत्रे, मारुतीच्या देवळापुढचं लिंबाचं झाड, शाळेचं मैदान. काही म्हणून सुटलं नव्हतं.

"आपलं घर कुठंय गं यात?"

शीलानं पडद्याजवळ जाऊन बोट लावलं. "ही आपली गच्ची, ताई. हे काळं आहे ना, ती टाकी. आणि शेजारी हे पांढरं काय आहे देव जाणे."

"कुरडया!" सत्यभामा ओरडलीच. "माझ्या कुरडया हायेत त्या! धोतरावर वाळू घातल्यात."

सगळे खदखदून हसले. सासरे कडूबा तर खोकेपर्यंत हसले. सत्यभामेला मात्र हसू आलं नाही. वरून कुणी बघतंय म्हटल्यावर बाईमाणसानं ओढावा तसा तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि बघत राहिली. एवढी घरं! या प्रत्येक पत्र्याखाली कुणी चूल पेटवत होतं, कुणी लेकराला धपाटा घालत होतं. एवढ्या सगळ्यांच्या दारात जाऊन आपण हात जोडायचे, या विचारानं तिची छाती दडपली आणि भरूनही आली.

तसं बघायला गेलं तर हे सगळं तिच्या नवऱ्याचं होतं. रामकिसननं दहा वर्षं नगरसेवकपदावर डोळा ठेवला होता. ऐनवेळी वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि त्याचं तोंड वाळल्या लिंबासारखं झालं. मग नेहमीचा तोडगा निघाला: नाव बायकोचं, काम नवऱ्याचं. सत्यभामेनंही मान डोलावली, कारण या घरात आल्यापासून मान डोलावणं तिला चांगलं जमत होतं. पण दारोदार फिरायला लागल्यावर काहीतरी वेगळंच झालं. बायका तिचा हात धरून बोलू लागल्या. गटार, दिवे, दवाखाना, सगळं तिला सांगू लागल्या. "बाई, तुम्ही बघाल ना?" असं विचारू लागल्या, आणि ती "बघते" म्हणू लागली. आता तिला ही निवडणूक हवी होती. आयुष्यात असं काही हट्टानं हवं वाटायची ही पहिलीच वेळ, आणि ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

अर्ज मागं घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी तीनपर्यंत.

"आता रंग दाखव," रामकिसन म्हणाला.

शीलानं माऊस हलवला. ती एका कुरियरच्या ऑफिसात कामाला होती. पार्सलाची कुठली गाडी कुठल्या गल्लीतून न्यायची, हे ती रोज नकाशावर ठरवायची. तीच युक्ती तिनं इथं लावली होती. वॉर्डाचे तिनं तुकडे पाडले होते. भावकीतली, गल्लीतली, ओळखीपाळखीची माणसं दोघादोघांनी फिरायची. कुणी कुठल्या गल्लीत जायचं ते त्यांच्या मोबाईलवर यायचं, आणि ती कुठं पोचली ते छोट्या बाणांनी इथं घरबसल्या दिसायचं. दार झालं की त्या दारावर बोट ठेवून रंग द्यायचा. आपलं घर हिरवं, विरोधी लाल. कुणी एका गल्लीत दोनदा जात नव्हतं, आणि एक दार सुटत नव्हतं.

पण आपलं कोण आणि विरोधी कोण, हे ओळखायचं कसं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला होता. हात जोडून आलेल्याला तोंडावर कोण नाही म्हणतं? तेव्हा कडूबांनी तोडगा सांगितला. आयुष्य मेंढरांमागं गेलेला माणूस. मुक्काम शोधताना ते शिवेवरूनच हाळी द्यायचे. घरातून कुणी पाणी विचारलं, की त्या रानात मेंढरं बसवायची. नाही विचारलं, की दिवस मावळायच्या आत पुढची वाट धरायची. "मनात असंल तर माणूस आधी पाणी विचारतो," ते म्हणाले होते. "पोरांना सांगा, पाणी विचारलं तर हिरवं, नाय विचारलं तर लाल." हे सगळ्यांना इतकं पटलं, की शीलाच्या नकाशात कडूबांचा कायदा बसला.

आणि आता टीव्हीवर तो नकाशा लागला होता. वरचा अर्धा भाग हिरवागार. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी एवढं हिरवं कुठं बघायला मिळालं नव्हतं. पण पाण्याच्या मोठ्या टाकीच्या खाली, बायपासच्या बाजूला, एकाएकी लाल सुरू व्हायचं ते थेट शेवटपर्यंत. मध्ये एक हिरवा ठिपका औषधालाही नव्हता.

"बानाबाईनगर," रामप्रसाद हळूच म्हणाला. हा धाकटा भाऊ, शीलाचा नवरा, वकिली करायचा.

रामकिसननं मान खाली घातली. तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि "आहे का कुणी घरात?" म्हणत गयाबाई आली.

गयाबाई म्हणजे कडूबांची लेक, रामकिसनची थोरली बहीण, आणि याच वॉर्डातून सत्यभामेच्या विरोधात उभी असलेली उमेदवार. शीलानं घाईनं टीव्ही बंद करायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," कडूबा म्हणाले. "लेक हाय माझी. तिच्यापासून काय झाकायचं?"

सत्यभामेनं पाण्याचा तांब्या आणून नणंदेच्या हातात दिला. गयाबाईनं तो घटाघटा रिकामा केला. "वैरीण म्हणून आले तरी पाणी मिळतंय का, तेच बघत व्हते," ती म्हणाली आणि स्वतःच मोठ्यानं हसली. नणंद तशी मोकळ्या मनाची होती. भांडायची तेही मनापासून आणि जेवू घालायची तेही मनापासून. मग तिची नजर पडद्यावर गेली. "बया! हे काय गं? सगळं गाव वरून दिसतंय की."

शीलानं तिला हिरवं-लाल समजावून सांगितलं. गयाबाईचे डोळे विस्फारले. तिनं जवळ जाऊन स्वतःचं घर शोधलं, ते हिरवं होतं.

"मला हिरवं दिलंय?"

"आमची पोरं आली तवा तू पाणी दिलं असशील," कडूबा म्हणाले.

"पाणी? चहा पाजला मी त्यांना! घरचीच पोरं ती." ती पुन्हा हसली, आणि मग लालाकडं बोट करून गंभीर झाली. "हे मात्र आमचं हाय, वहिनी. एवढं सगळं तुमच्या विरोधात असंल तर कशाला घराण्याची शोभा करून घेता? आमच्या ह्यांनी शब्द दिलाय. तुम्ही माघार घ्या, मी निवडून आले की रामकिसनला स्वीकृत नगरसेवक करायचं. एका घरात दोघं. आबांना बी बरं वाटंल."

सत्यभामेनं नवऱ्याकडं पाहिलं. तो नजर देईना. म्हणजे हे आधीच बोलून झालं होतं.

"अर्धा वॉर्ड लाल हाय," रामकिसन म्हणाला. "उगं तोंडावर आपटायचं कशाला? मानानं मागं घेऊ."

"लाल का झालाय ते सांगू का, दादा?" रामप्रसाद उसळला. "बानाबाईनगरचे प्लॉट कुणी पाडले? सहा महिन्यात दारात नळ येतो म्हणून लोकांना कुणी सांगितलं? लोक काय विसरत्यात का?"

"मला बी तसंच सांगितलं व्हतं वरून! मी काय खोटं बोललो?"

"मग तिकडं जात का नाही तुम्ही? बायपासला जायचं तर लांबून वळसा घालता. घरातल्या सगळ्यांना ठाऊक हाय ते."

रामकिसन उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत राहिला. बानाबाई म्हणजे या तिन्ही भावंडांची आई. बाई गेली त्याच वर्षी रामकिसननं मेंढरं बसायची ती माळाची जमीन प्लॉट पाडून विकली होती, आणि मोठ्या मायेनं कमानीवर आईचं नाव रंगवलं होतं. शहर वाढत वाढत टाकीपर्यंत आलं, टाकी ओलांडून गेलं, पण नळाची लाईन काही टाकीच्या पुढं सरकली नाही.

सत्यभामा पडद्यासमोर गेली. तिला कुणाच्याच बाजूनं बोलायचं नव्हतं. तिला फक्त ते लाल बघायचं होतं. माणसं रागावली तर कुणी रागावतं, कुणी विसरतं, कुणाचा स्वभावच मवाळ असतो. शेकडो घरं एका सुरात कशी रागावतील? सख्ख्या जावा एका मतानं वागत नाहीत.

"शीला, हे जवळ घेता येतं का? अजून. अजून जरा."

गच्च्या मोठ्या झाल्या. पत्रे दिसू लागले, पत्र्यांवरचे दगड दिसू लागले.

"हे निळं काय हाय गं, दारादारात?"

शीलानं डोळे बारीक केले. "मोटारसायकली असतील."

"सगळ्यांच्या निळ्या?"

शीलानं नकाशा हळूहळू वर सरकवला. लाल घरांच्या दारात निळे ठिपके होते, कुठं दोन, कुठं चार, ओळीनं. टाकी आली. टाकीच्या वर हिरवं सुरू झालं, आणि निळे ठिपके तिथंच थांबले.

"ड्रम हायेत," सत्यभामा म्हणाली. "टँकरच्या पाण्याचे ड्रम."

वर कुठंतरी आभाळात एक यंत्र फिरत होतं, त्याला यातलं एक माणूस ठाऊक नव्हतं, आणि त्यानं एका वस्तीची तहान फोटोत धरली होती. दारं हिंडलेल्या पोरांना ती दिसली नव्हती. तिला स्वतःलाही दिसली नव्हती.

"मी येते जाऊन," ती म्हणाली.

"कुठं?" रामकिसननं वळून पाहिलं. "तीनच्या आत तिकडं सही करायला जायचंय."

"त्याच्या आत येते." तिनं स्टीलची बाटली भरून घेतली.

"वहिनी," रामप्रसाद घाईघाईनं म्हणाला, "तिकडं कुणाला पाणी-बिणी वाटू नका. आचारसंहिता लागलीय."

"माझ्या पिण्याला नेते, वकीलसाहेब. का तेबी बंद झालंय?"

शीलानं तिच्या मोबाईलवर काहीतरी दाबलं. "आता तुमचा बाण इथं दिसत राहील, ताई. हरवणार नाही."

"मी बरी हरवीन! या माळावर नवी नवरी म्हणून आलेय मी."

खरंच आली होती. टाकी मागं पडली, डांबर संपलं आणि पायाखाली मुरूम लागला, तशी तिला ती जागा ओळखू यायला लागली. तेव्हा इथं एक बाभळ होती. बाभळीखाली सासू बानाबाई घागर घेऊन बसायची. बाजाराला जाणारं-येणारं माणूस, कुठल्या गावचं, कुठल्या जातीचं, काही न विचारता ती हाक मारायची, "पाणी पिऊन जा गं बाई." घागर अर्धीच असली तरी हाक तीच. आता बाभळीच्या जागी कमान होती, आणि कमानीवरच्या बानाबाईच्या नावातला पहिला 'बा' उन्हानं पार पुसत आला होता.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारात ड्रम होते, झाकणावर दगड, काहींना साखळी घालून कुलूप लावलेलं. पहिल्या घराच्या पायरीवर बायकी चपला होत्या आणि दार आतून लावलेलं होतं.

"घरात कोण हाय का?" तिनं हाळी दिली.

आत भांडं वाजलं आणि गप्प झालं.

सत्यभामा चार पावलं पुढं गेली. मग पायरीवर बसली, बाटलीचं झाकण खडखडवून उघडलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बाई, पाणी हाय माझ्यापाशी. मला पाणी नको. नुसती टेकायला आले."

बराच वेळ काही झालं नाही. मग कडी निघाली. चाळिशीची एक बाई दार अर्धं उघडून उभी होती. तिच्या मागं भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली स्वच्छ सारवल्यागत पुसलेली फरशी, आणि कोपऱ्यात पालथी घातलेली रिकामी कळशी.

"तुम्ही त्या सत्यभामाबाई ना? उभ्या हायेत त्या?" ती म्हणाली. "फोटोत लई गोऱ्या दिसता."

"फोटोवाल्यानं पावडर लावलीय. तुमचं नाव?"

"मुक्ताबाई. गंगापूरकडचे आम्ही. मालक सेंट्रिंगच्या कामाला जातेत."

"मुक्ताबाई, आमची माणसं आली व्हती परवा तुमच्याकडं."

मुक्ताबाईची मान खाली गेली. "आली व्हती. मी घरातच व्हते."

"आमच्यावर राग हाय का? नळाचा?"

"राग?" तिनं मान वर केली. "राग हाय की. नसंल का? पण रागानं कोण दार लावतंय, बाई? रागानं तर उघडलं असतं आणि चार गोष्टी सुनावल्या असत्या." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "टँकर चुकला व्हता. ड्रमाच्या बुडाला तांब्याभर राहिलेलं, ते बी गढूळ. उन्हातान्हाची पोरं दारात आलेली, त्यांना पाणी विचारायचं नाय तर दार उघडून करायचं काय? लाज वाटती. त्यापरास घरात कुणी नाय असं वाटलेलं बरं. शेजारची बी तेच करती, पलीकडची बी तेच करती. कुणाची हाक आली की सगळ्या गल्लीच्या कड्या लागत्यात."

शेकडो लाल ठिपके तिच्या डोळ्यापुढं आले. ती सगळी आपली विरोधक, असं सकाळपासून तिचं घर धरून बसलं होतं. आणि त्या प्रत्येक ठिपक्यात एक बाई श्वास रोखून उभी होती, आलेल्याला पाणी देता येत नाही म्हणून.

तिनं बाटली पुढं केली. "घ्या."

"नको नको."

"मी टेकले तुमच्या पायरीवर. एवढं तर घ्या."

मुक्ताबाईनं बाटली घेतली. वरून धार धरावी की तोंड लावावं, असं तिच्या हातात दोन वेळा झालं. सत्यभामेनं ते पाहिलं. या माळाच्या आसपासच्या गावांत तो प्रश्न कुठून येतो हे दोघींनाही ठाऊक होतं.

"लावा तोंड," ती म्हणाली.

मुक्ताबाई प्यायली. सवयीनं पदरानं बाटलीची कड पुसायला गेली, तेव्हा सत्यभामेनं ती तशीच तिच्या हातून घेतली आणि दोन घोट प्यायली. मग दोघी पायरीवर बसून शाळेचं, रस्त्याचं, लेकरांचं बोलत राहिल्या. मत कुणाला देणार, ते सत्यभामेनं विचारलं नाही. निघताना मुक्ताबाईनंच सांगितलं, "टँकर आल्यावर या. तवा चहा करते, आणि नळाचं बी सुनावते."

वाटेत फोन वाजला. शीला होती. "ताई, तुमचा बाण एकाच घरावर कितीतरी वेळ थांबला होता. आम्ही सगळे बघत बसलोय. वन्संनी तर जेवणसुद्धा सोडलं. काय झालं? घर हिरवं करू?"

"लाल काढ आधी."

"हिरवं?"

"हिरवं बी नको. दुसरा कुठला रंग हाय का तुझ्याकडं? निळा हाय?"

"आहे. पण निळा म्हणजे काय?"

"निळा म्हणजे घरात माणूस हाय आणि पाणी नाय."

ती घरी पोचली तेव्हा पडद्यावर लालाच्या वरच्या कडेला एक निळा ठिपका होता, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कडीचं सांगितलं, कळशीचं सांगितलं. कडूबा ऐकता ऐकता पुढं सरकत आले.

"म्हणजे चूक माझी झाली," ते म्हणाले. "माझ्या काळात विहिरी भरलेल्या असायच्या रे. ज्याला द्यायचं न्हवतं तोच गप बसायचा. असं बी व्हईल, हे ध्यानातच आलं नाय माझ्या."

"आईच्या नावाच्या वस्तीत," गयाबाई म्हणाली. "आईच्या नावाच्या वस्तीत बायका माणूस आला की कडी लावून घेत्यात?" ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. ते रडणं घरातल्या सगळ्यांच्याच वतीनं चाललं होतं.

शीला मात्र कामाला लागली होती. फिरणाऱ्या सगळ्या माणसांच्या मोबाईलवर तिनं निरोप धाडला: टाकीच्या खाली चला. आपली बाटली बरोबर घ्या. हाळी देताना आधी सांगा, पाणी नको, पाणी हाय आमच्यापाशी. मग पडद्यावर एकेक बाण वळले. देवळापासून, शाळेपासून, भाजीबाजारापासून, वॉर्डाच्या कानाकोपऱ्यातून ते छोटे बाण गल्लीगल्लीनं खाली उतरू लागले. सत्यभामेनं तोंडावर हात ठेवला. एवढ्या लांब असलेली माणसं, एकमेकांना दिसत नसलेली, एका निरोपासरशी एकाच वस्तीकडं निघाली होती, आणि ती जाताना तिला या खोलीतून दिसत होती. थोड्या वेळानं टोकाचं एक घर निळं झालं. मग त्याच्या शेजारचं. मग पलीकडच्या गल्लीत तीन.

"हे आत्ता चाललंय?" कडूबांनी विचारलं. "आत्ता, आपण बोलतोय तवा?"

"आत्ताच, आबा."

"दारं उघडायलीत," म्हातारा पुटपुटला. "घरात बसून मला दारं उघडताना दिसायलीत." त्यांनी पडद्यापुढं हात जोडले, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

गयाबाईनं डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "वहिनी, मग काय करताय? सही करायला जाताय?"

सत्यभामेनं नवऱ्याकडं न बघता उत्तर दिलं. "नाय, वन्सं. मला लढायचंय. मी त्या बाईला शब्द नाय दिला काही, पण मला जायचंय तिच्याकडं चहाला."

"मग लढा. मी बी लढते. पण त्या वस्तीत पहिला नळ मीच नेणार, सांगून ठेवते."

"बघू की."

सगळे रामकिसनकडं वळले. तो अजून खिडकीशीच होता. स्वीकृत नगरसेवकपद त्याच्या हातातून निसटत होतं, पण तो बघत होता पडद्याकडं. मग तो पुढं आला आणि धाकट्या भावजयीला म्हणाला, "शीला, मला बी एक गल्ली दे."

"कुठली, दादा?"

"कमानीतून आत गेल्यावर पहिली. नळ येणार म्हणून मी सांगितलं व्हतं तिथं. आला नाय, हे सांगायला बी मीच जायला पाहिजे व्हतं. इतके दिवस गेलो नाय." त्यानं बायकोच्या हातातली बाटली मागितली. सत्यभामेनं ती भरून त्याच्या हातात दिली, आणि तो पायात चपला सरकवून गेला.

पडद्यावर एक नवा बाण घरापासून निघाला. देवळाशी आला. शाळेला वळसा घातला. पाण्याच्या टाकीपाशी पोचला आणि थांबला.

"का थांबलाय त्यो?" गयाबाईनं विचारलं.

बाण हलत नव्हता. एवढ्या मोठ्या वॉर्डात, एवढ्या घरांत, तो एकच बाण टाकीच्या सावलीत उभा होता, आणि खोलीतली सगळी माणसं श्वास धरून त्याच्याकडं बघत होती. सत्यभामेला वाटलं, फोन करावा. पण तिनं केला नाही. तो उन्हात कसा उभा असेल, बाटली या हातातून त्या हातात कशी करत असेल, हे तिला नकाशाशिवायही दिसत होतं. चिडून, वैतागून, कौतुकानं, सगळ्या तऱ्हांनी तिनं या माणसाला पाहिलं होतं. एवढ्या लांबून, एवढा लहान झालेला तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

बाण सरकला. टाकी मागं पडली. कमानीखालून आत गेला आणि पहिल्या दाराशी परत थांबला.

"आता काय झालं?" कडूबांनी विचारलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते, ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"आता ऱ्हाऊ द्या, आबा," सत्यभामा म्हणाली. "दार उघडलं असंल."

आणि थोड्या वेळानं तो बाण उंबरा ओलांडून पत्र्याखाली गेला.